भाषणाची उलंगवाडी वेळेवर करा!



सरकारवर, व्यापाऱ्यावर आणि पुढाऱ्यावर आपण या पानांतून नेहमीच आसूड ओढतो. आज तो आपल्याच पाठीवर ओढायचा आहे. विषय आहे आपल्या सभांमधली भाषणे, त्यातही भाषणाची पहिली पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे. कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, ज्वारी पेरणे परवडत नाही आणि हे भाषण कसे करावे ते शिकवत बसले! तर आधी एक हकीगत ऐका. ती माझी आहे आणि चूकही माझीच आहे.

२०२३ चा डिसेंबर. घराघरात कापूस पडलेला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ७०२० रुपये आणि दारात येणारा व्यापारी त्याच्या खाली मागत होता. आमच्या तालुक्यात सरकारी खरेदी केंद्र उघडले नव्हते. म्हणून सभा घेतली. मागणी एकच, केंद्र उघडा. त्यासाठी येत्या सोमवारी तहसीलवर माणसे जमवायची. सभेला तीनशे माणूस आला. त्यात साठ-सत्तर बाया, वेचणीचा रोज बुडवून आलेल्या. सभा दोनची, सुरू झाली साडेतीनला. मग हारतुरे, स्वागत, प्रास्ताविक आणि एकामागून एक सहा वक्ते. सहाही जणांनी मंचावरच्या अकराही जणांची नावे घेतली.

मी शेवटचा. मी उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाया केव्हाच उठून गेल्या होत्या, चूल कोणासाठी थांबत नाही. मीही अकरा नावे घेतली. "मी काही वक्ता नाही" असे म्हणालो आणि पाऊण तास बोललो. शिवरायांपासून निघालो, दिल्लीला वळसा घातला, शेवटी एक शेर म्हटला. टाळ्या कडाडल्या. मी खूश होऊन खाली उतरलो, तर एक म्हातारे बाबा जवळ आले. म्हणाले,

"भाऊ, भाषन त लय झकास झालं. पन सोमवारी आमी कुठी याचं, थे त तुमी सांगतलंच नाही."

सोमवारी तहसीलवर आम्ही एकोणीस जण होतो. साहेबांनी खिडकीतून एकदा पाहिले आणि पुन्हा फायलीत डोके घातले. केंद्र उघडले तोपर्यंत ज्याची गरज मोठी त्याचा कापूस व्यापाऱ्याच्या गाडीत चढून गेला होता. त्या माझ्या टाळ्यांची किंमत क्विंटलमागे कितीकितींनी मोजली, याचा हिशेब मी आजपर्यंत मांडलेला नाही. मांडण्याची हिंमत होत नाही.

पंधरा रोज कोणाच्या खात्यावर?

दुसरा एक हिशेब मात्र मांडता येतो. तीनशे माणसे सभेला बसली. नावे, हार आणि स्वागत यांत पंचवीस मिनिटे गेली. तीनशे गुणिले पंचवीस म्हणजे ७५०० मिनिटे, म्हणजे १२५ तास. आठ तासांचा एक रोज धरला तर पंधरा रोज झाले. आपण शेतमालाच्या काट्यात अर्धा किलो मारला तर बाजार समितीत आरडाओरडा करतो आणि आपणच आपल्या भावाचे पंधरा रोज हारतुऱ्यांत मारतो, त्याला काय म्हणायचे?

कोरडवाहू शेतकऱ्याकडे देण्यासारखे फार काही नसते. पाऊस त्याच्या हातात नाही, भाव त्याच्या हातात नाही. त्याच्या हातात दिवस तेवढा आहे. तो दिवस घेऊन तो सभेला येतो. त्या दिवसाचे मोल आपण केले नाही, तर घामाचे दाम मागण्याचा अधिकार आपल्याला कसा राहील?

ही रीत आली कुठून?

ही रीत आपली नव्हे. ती सरकारी समारंभातून आणि पुढाऱ्यांच्या सभेतून आपल्याकडे आली. पुढाऱ्याची सभा मंचासाठी असते. कोण कोणाच्या शेजारी बसला, कोणाचे नाव आधी घेतले आणि कोणाचे गाळले, यावर तिथे राजकारण चालते. म्हणून त्याचे भाषण नावांनी सुरू होते. त्या नावांनी मंचावरच्यांची देणी फिटतात. खाली बसलेला माणूस त्या हिशेबात कुठेच नाही.

त्याचा शेवटही त्याच्या गरजेप्रमाणेच असतो. सभा संपल्यावर तुम्ही काही करावे अशी पुढाऱ्याची इच्छा नसते. तुम्ही घरी जावे, शांत झोपावे आणि पाच वर्षांनी बटण दाबावे, एवढेच त्याला हवे. म्हणून तो गोलमाल शेवट करतो. "बळीराजाचे राज्य आल्याशिवाय राहणार नाही" असे म्हणतो. कधी येणार, कोण आणणार, त्यासाठी मंगळवारी काय करायचे, हे तो सांगत नाही. त्याला ते परवडते. आपल्याला परवडत नाही. आपली सभा संपते तेव्हा आपले काम सुरू व्हायचे असते.

आणि आता मोबाईलने नवी भर घातली आहे. वक्ता समोरच्या माणसाकडे पाहत नाही, समोर धरलेल्या मोबाईलकडे पाहतो. अर्ध्या मिनिटाचा तुकडा गावोगाव फिरावा म्हणून सुरुवातीला एक डरकाळी आणि शेवटी एक डरकाळी. मधले सगळे पोकळ, किडलेल्या बोंडासारखे.

आपली खरी रीत

मोठ्या माणसांनी तोंड कसे उघडले आणि कसे मिटले, ते पाहू.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे. कीर्तन रात्री. म्हणजे कीर्तनाची सुरुवात दिवसाच झालेली असायची, तीही तोंडाने नव्हे, हाताने. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढायचे. कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, हे त्यांनी सांगितले ते लोकांच्याच तोंडून वदवून घेतले. शेवटी गोपाळाचा गजर व्हायचा तेव्हा सगळे गाव एका आवाजात असायचे. गाव घरी जायचे ते काहीतरी ठरवून.

महात्मा फुले. २ मार्च १८८८, पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या मुलाच्या, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी. सगळे जरीच्या पोशाखात, दागिन्यांत. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. तोंड उघडण्याआधीच त्यांचे अर्धे भाषण झाले होते. बोलायला उठले तेव्हा त्यांनी सांगितले ते असे, की हे जरतारी लोक म्हणजे हा देश नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यात जा. आणि शेवटी एक काम दिले, या प्रजेला शिक्षण द्या, असे राणीला जाऊन सांगा. ऐकणारा राजपुत्र असला तरी काम नेमके दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २५ नोव्हेंबर १९४९, संविधान सभेतले समारोपाचे भाषण. एवढ्या मोठ्या प्रसंगी दुसरा कोणी अलंकारांनी सुरुवात करता. बाबासाहेबांनी हिशेबाने केली. ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा बसली, त्याला २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस झाले. ७६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. वेळ वाया घालवला असा आरोप होता, त्याला आकड्यांनी उत्तर दिले. आणि भाषण मिटवताना कौतुकाचा पाऊस पाडला नाही. राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता, ही विसंगती दूर केली नाही तर ज्यांना तिचा चटका बसतो ते ही इमारत उडवून देतील, असा इशारा त्यांनी दिला. आपल्या वाटेतले दोष ओळखण्यात आणि दूर करण्यात हयगय करू नका, हे काम सोपवून ते थांबले.

आणि शरद जोशी. शेतीचा उत्पादनखर्च आणि हातात पडणारा भाव यांचा हिशेब हाच त्यांच्या भाषणाचा कणा होता. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकऱ्याने सभेत पहिल्यांदा स्वतःचे गणित ऐकले. आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा पाहा. सगळे भाषण विसरले तरी ती घरी घेऊन जाता येते.

या चौघांत एक गोष्ट सारखी आहे. सुरुवात ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून किंवा त्याच्या डोळ्यांदेखतच्या गोष्टीतून, आणि शेवट ऐकणाऱ्याच्या हातात काम देऊन.

पहिले तास सरळ काढा

तिफण हाकणाऱ्याला मी काय सांगावे? पहिले तास सरळ गेले की बाकीची त्याला धरून जातात. पहिले वाकडे गेले तर सगळे वावर वाकडे आणि डवरणीच्या वेळी पऱ्हाटी उखडते. भाषणाचे पहिले वाक्य हे पहिले तास आहे.

ते वाकडे करणाऱ्या चार खोडी आहेत. पहिली, नावांची यादी. दुसरी, खोटा विनय. "मला बोलता येत नाही" म्हणणाऱ्याला लोक मनात म्हणतात, मग बस ना बाप्पा खाली. तिसरी, उसना शेर. चौथी, इतिहासाची लांब रपेट, आजच्या भावावर येईपर्यंत श्रोता झोपतो.

याऐवजी समोरच्याच्या खिशातली गोष्ट काढा. उदाहरणच द्यायचे तर २०२५-२६ च्या हंगामातली कापसाची सभा अशी उघडता आली असती :

"या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८११०, मध्यम धाग्याला ७७१०. ज्याच्या कापसाला तेवढे मिळाले त्याने हात वर करावा."

आणि गप्प बसायचे. हात किती वर जातात ते सगळ्या सभेला पाहू द्यायचे. ती शांतता तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलते. मग पुढचा आकडा. मध्यम धाग्याचे ते ७७१० ज्या खर्चावर काढले, तो सरकारने क्विंटलला ५१४० धरला होता. त्यात हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी आहे, पण स्वतःच्या जमिनीचा खंड नाही आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज नाही. आणि पेरणी होऊन गेल्यावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे नेमका आपला कापूस घरात येण्याच्या दिवसांत. एवढे चार आकडे दोन मिनिटांत सांगून होतात आणि माणूस सरळ होऊन बसतो.

ज्वारीच्या गावात ज्वारीचा आकडा काढा. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९, मालदांडीचा ३७४९. मग विचारा, तुमच्या पट्टीवर काय लिहिले आहे? ज्याच्याजवळ पट्टी असेल त्याला उठवून वाचायला लावा. त्याच्या तोंडून आलेला आकडा कोणी खोडू शकत नाही.

पण एक सांभाळा. आकडा चुकला तर सगळे गेले. शेतकऱ्याला शेर चुकलेला कळणार नाही, सरकीचा आणि वेचणीचा भाव चुकलेला लगेच कळतो. खात्री नसेल तो आकडा बोलू नका.

आणि हुतात्म्यांविषयी. १० डिसेंबर १९८६ ला सुरेगावला कापसाच्या आंदोलनात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्यांचे नाव भाषणाच्या तोंडी शोभेला लावायचे आणि पुढच्या वाक्यात मंचावरच्या मान्यवरांचे आभार मानायचे, हे पाप आहे. घ्यायचे असेल तर ते कशासाठी गेले ते सांगा आणि ते काम किती उरले तेही सांगा. नाहीतर घेऊ नका.

फरदड घेऊ नका

आता शेवट. सीतादही सगळेच हौसेने करतात, उलंगवाडी वेळेवर करणारा थोडा. चार बोंडे आणखी येतील म्हणून पऱ्हाटी उभी ठेवतो, पाणी देतो, फरदड घेतो, आणि तिच्यावर गुलाबी बोंडअळी पोसून पुढच्या वर्षीचे पीक घालवतो. वक्त्याचे तेच. "शेवटी एवढेच सांगतो" असे म्हणून तो पुन्हा मुळापासून सुरू करतो. "जाता जाता एक मुद्दा" म्हणून तीन मुद्दे काढतो. आधी कमावलेले सगळे त्या फरदडीत जाते आणि पुढच्या सभेला माणूस येत नाही.

शेवट कसा असावा याचा नमुना आपल्या कीर्तनातच आहे. कीर्तनकार आख्यान कितीही लांब नेवो, अखेरीस तो सुरुवातीच्या अभंगावर परत येतो. आपणही सुरुवातीच्या आकड्यावर परत यावे. "८११० की व्यापारी म्हणेल ते?" मग एकच काम सांगावे. त्या कामाला वार असावा, वेळ असावी, जागा असावी, आणि सोबत काय आणायचे तेही. उदाहरणार्थ, "सोमवारी, सकाळी अकरा, तहसीलच्या फाटकासमोर. प्रत्येकाने सातबारा आणि कापसाची पट्टी आणावी. एका घरातून एक माणूस. कोण कोण येणार, हात वर करा. गावचा प्रमुख नावे लिहून घेईल." संपले. याच्यानंतर वक्त्याने एक शब्द बोलू नये. घोषणा लोकांनी द्यावी. शेवटचा आवाज सभेचा असावा.

पाच कामे सांगितली तर एकही होत नाही. "रक्ताचे पाट वाहतील" असे म्हणून खाली उतरणाऱ्याला तर मंचावर चढूच देऊ नये. लाठी पडते तेव्हा असे वक्ते पाहुण्यांच्या गावी असतात. जिथे तुम्ही स्वतः उभे राहणार आहात, तेवढेच काम लोकांना सांगा.

आणि शेवट घड्याळाने ठरतो, वक्त्याच्या इच्छेने नव्हे. शेवटची एस. टी. सहाची असेल तर निर्णय साडेचारला झाला पाहिजे. बाया मंडपात असतील तेव्हाच झाला पाहिजे. वेचणी त्यांनी करायची, उधारी त्यांनी सोसायची, आणि निर्णय मात्र त्या घरी गेल्यावर पुरुषांनी घ्यायचा, ही कसली संघटना?

"मान ठेवायचा नाही का?"

हा प्रश्न येणार, म्हणून उत्तर देऊन ठेवतो. मान जरूर ठेवा. संचालन करणाऱ्याने सुरुवातीला एकदा सगळी नावे वाचावीत. एका मिनिटात होतात. पुढच्या वक्त्यांनी "शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो" एवढेच म्हणावे. मंचावरचा पाहुणा त्यात आलाच, तोही शेतकऱ्याचाच पोर आहे. जो यात अपमान मानेल त्याने आपल्या सभेला कशाला यावे?

दुसरे म्हणतील, लोकांना शेर आवडतो, लोक हसतात, टाळ्या देतात. आवडतो, मान्य. तमाशाही आवडतो. पण टाळी आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी टाळ्या घेतल्या आणि सोमवारी एकोणीस माणसे मोजली. ज्याला टाळ्या हव्यात त्याने नाटक करावे. ज्याला माणसे हवीत त्याने वार आणि वेळ सांगावी.

तिसरे म्हणतील, आम्ही अडाणी, आम्हाला असे बांधून बोलता येत नाही. हे तर साफ खोटे. गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा करताना तुम्ही पहिले वाक्य किती तोलून टाकता? आणि सौदा तुटतो की जुळतो ते शेवटच्या वाक्यावर, हे तुम्हाला कोणी शिकवले? ती अक्कल मंचावर चढताना चपलेबरोबर खाली काढून ठेवू नका, म्हणजे झाले.

पुढच्या सभेपासून

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीसाठी तीन गोष्टी मांडतो. प्रत्येक तालुक्याच्या वक्त्याने आपले पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य कागदावर लिहून, सभा सुरू होण्याआधी संचालकाच्या हातात द्यावे. मधले त्याने हवे तसे बोलावे. हारतुरे बंद. ते पैसे पाण्याच्या टँकरला आणि बायांच्या परतीच्या गाडीला. आणि आभाराचे भाषण बंद, सभेच्या शेवटची दहा मिनिटे निर्णयाची, हात वर करून.

बैठकीला येताना ते दोन वाक्यांचे कागद घेऊन या. ते म्हातारे बाबाही येणार आहेत. त्यांना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे. आपले बोलून झाल्यावर प्रत्येक वक्त्याने त्यांच्याकडे पाहावे आणि विचारावे, "बाबा, सोमवारी कुठे यायचे ते कळले का?"